उतारावर फुटणारी गाडी

पप्पांची मोटारसायकल सपाट रस्त्यावर कधी फुटत नसे. चढावर नाही, सिग्नलला उभी असतानाही नाही. नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यांच्या मागच्या भिंतीपासून नाल्यावरच्या पुलाकडे जो उतार येतो, तिथे पप्पा ॲक्सिलेटर सोडून द्यायचे, आणि मग सायलेन्सरमधून पट, पट, पट-पट आणि शेवटी एक मोठा फाट् असा आवाज निघायचा. तो आमच्या गॅलरीत स्वच्छ ऐकू यायचा. पूल ओलांडून, विहारापाशी वळून, गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्यांना हॉर्न देत दारात येईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्या आवाजाने आम्हाला दिलेला असायचा. आई तेवढ्यात टीव्हीवरची मालिका बदलून बातम्या लावायची, पाय आवरून घ्यायची आणि चहाचं आधण ठेवायची. मी गच्चीवरून मैत्रिणींना सोडून खाली यायचे. पप्पा आत आले की घर जसं असायला हवं तसं असायचं. बातमीदार बोलतोय, चहा उकळतोय, मुलगी पुस्तक घेऊन बसलीय.

पप्पा वाईट नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे वाचताना कोणाला तसं वाटेल. आमच्या घरात हात कधी उगारला गेला नाही, आवाजही चढला नाही. पप्पा एका कारखान्यात लेथवर काम करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. लोखंडी कपाटावर, पलंगाखाली, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे होते, गुलाबी, पोपटी, पिवळे, हाताला शाई लागेल अशा कागदावरचे. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. बाकीची मुलं कमळ आणि गवत वाचत होती तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं आणि मी त्या नावाला जागावं म्हणून मला लहानपणापासून पत्रक लिहायला बसवलं. घरात काही पटलं नाही तर रडायचं नाही, रुसायचं नाही, कपाटाच्या दारावर पत्रक चिकटवायचं. तक्रार काय, कारण काय, मागणी काय, आणि ज्याची तक्रार त्याचंच नाव खाली. दुसऱ्याच्या वतीने लिहायचं नाही आणि बिननावी तर मुळीच नाही. बिननावी पत्रक म्हणजे पाठीत मारलेला दगड, असं ते म्हणायचे. छापायला जाणारं पत्रक रविवारी विहारातल्या बैठकीत उभं राहून वाचावं लागे, ज्याला हरकत असेल त्याने तिथल्या तिथे घ्यायची, आणि लेखी उत्तर कोणी आणलं तर तेही सगळ्यांसमोर ऐकायचं. आईने कपाटावर कधी काही चिकटवलं नाही. तिला काही तक्रारच नाही, असं पप्पा कौतुकाने सांगायचे.

मालिकांवरही त्यांचं एक पत्रक होतं. घरोघरी संध्याकाळी वाटली जाणारी अफू, असं काहीतरी त्यात होतं. ते विहाराच्या भिंतीवर लागलं तेव्हा चिकटवायची खळ आईनेच केली होती.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मागच्या गल्लीतली सोनाली घर सोडून गेली आणि दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तिचे भाऊ पेटले होते. पप्पा मध्ये पडले, पोलीस चौकीत तिच्या बाजूने उभे राहिले आणि आठवड्याभरात त्यांचं पोपटी पत्रक निघालं: जोडीदार निवडण्याचा हक्क कोणाच्या बापाचा नाही. मी ते कॉलेजच्या गेटवर अभिमानाने वाटलं. त्याच सोमवारी सकाळी पप्पा गाडी पुसत म्हणाले, “बस, सोडतो तुला.” संध्याकाळी गेटवर पुन्हा तेच. त्यांनी कायमची दिवसपाळी मागून घेतली होती. मी विचारलं तर म्हणाले, “काळ वाईट आहे.” एवढंच. मोटारसायकलवर माझी बॅग आमच्या दोघांच्या मध्ये असायची आणि डावा आरसा त्यांनी असा वळवला होता की त्यात मागचा रस्ता दिसत नसे, माझा चेहरा दिसे. मैत्रिणी मिसळ खायला थांबायच्या, मी आरशात असायचे. इतकी वर्षं तो फटफट आवाज मी घरातून ऐकला होता. आता मी त्या आवाजातच बसून घरी येऊ लागले. फाट् झालं की मला कळायचं, आई आता चॅनल बदलते आहे.

त्या दिवसांत ओरडायला काही जागाच नव्हती. सकाळी भाकरी आणि सुकटीची चटणी, संध्याकाळी भाकरी आणि डुबुक वड्या, समोर पप्पा स्त्रीमुक्तीवर बोलतायत, पटतंयही, आणि गच्चीचं दार आता आतून कुलूपबंद, कारण गच्चीवरून पलीकडच्या बिल्डिंगमधली मुलं दिसतात. बाहेर छोट्या वर्कशॉपमधल्या प्रेसचे ठोके पडत राहायचे, धप्, धप्, एकसारखे. आईचं माहेर एकलहऱ्याचं, औष्णिक केंद्राच्या वसाहतीतलं. ती म्हणायची, तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, पण झटकली की जायची. इथे काय झटकायचं ते मला कळत नव्हतं.

गाडी का फुटते हा शोध मी पहिल्यांदा केवळ कंटाळ्याने लावला. पप्पांचं ठाम मत होतं की हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात, त्याने होतं. त्यासाठी त्यांनी प्लग बदलून पाहिला, दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरून पाहिलं. एका रविवारी मी गाडी स्टँडवर चालू केली, सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं आणि इंजिनाला जिथे वाकडा पाईप जोडलेला असतो तिथे साबणाचं पाणी सोडलं. सांध्यातून बुडबुडे उसळले. शेजारी काजळीचा काळा ओघळ होताच. तिथलं पॅकिंग जळून गेलं होतं. पॅकिंग म्हणजे तांबूस धातूची एक कडी, अंगठीहून मोठी आणि बांगडीहून लहान. मी तशी नवी कडी आणून ठेवली, पण बसवायचं राहून गेलं, कारण त्याच आठवड्यात पुण्याचं आलं.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात इंजिनाच्या चाचणी विभागात प्रशिक्षण होतं. आमच्या वर्गातून दोघांना मिळालं, त्यातली एक मी. डिप्लोमाची शेवटची परीक्षा संपली की, महिनाअखेर हजर व्हायचं होतं. पप्पा म्हणाले, “नको.” कारण विचारलं, तर काळ वाईट आहे. मी रीतसर पत्रक लिहिलं आणि कपाटावर चिकटवलं. त्यात गाडीचाही मुद्दा घातला, कारण मला इंजिन कळतं हे सिद्ध करायचं होतं. पप्पांनी ते वाचलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ पेन्सिलीने सुधारले आणि उत्तर दिलं नाही. आमच्या घरात पत्रकाला उत्तर मिळालं नाही असं त्याआधी कधी झालं नव्हतं. माझं वय कायद्याने पूर्ण होतं, मी बॅग उचलून जाऊ शकत होते. पण मला पळून जायचं नव्हतं. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

त्या रविवारी बैठकीत पप्पा स्वतःच वाचायला उभे राहिले. जयंती जवळ आली होती आणि वसाहतीतली पोरं मोटारसायकलींचे मोठमोठे आवाज काढत फिरत होती. पप्पांचं नवं पत्रक त्यांच्यावर होतं. आजारी माणसं, तान्ही मुलं, सगळं त्यात होतं, आणि शेवटची मागणी अशी: ज्याची गाडी फुटेल तिला मिरवणुकीत जागा नाही.

“काका, एक विचारू?” मागून विक्की म्हणाला. त्याची बुलेट अख्ख्या सातपूरला माहीत होती.

“हरकत आहे का?”

“हरकत नाय, शंका आहे. मग जयंतीला तुम्ही पायी येणार का?”

लोक हसायला लागले. विक्की उभा राहिला. “रोज संध्याकाळी पुलावर कोण फोडतं मग? आमच्या घरी त्याच्यावर कुकर लावतात. आले म्हणे क्रांतीचे पप्पा.”

“माझी गाडी आपोआप फुटते,” पप्पा म्हणाले. “मी फोडत नाही.”

“हवालदाराला आम्ही पण तेच सांगतो, काका.”

“पेट्रोलमध्ये हल्ली जे इथेनॉल...”

“आमच्यात काय रॉकेल असतं का?”

पप्पा हातातलं पत्रक पुन्हा वरपासून चाळू लागले. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी माझा हात बॅगेतल्या कागदावर गेला. कपाटावरचं पत्रक मी सकाळी काढून घेतलं होतं आणि पप्पांचं नवं पत्रक घरात वाचून त्यात विक्कीच्या गाडीची भर घातली होती. “मला उत्तर वाचायचं आहे,” मी म्हणाले आणि उभी राहिले.

मी वाचलं ते जवळजवळ असं होतं. विक्कीची गाडी आणि आमची गाडी, दोन्हींत एकच गोष्ट घडते. जे पेट्रोल इंजिनात जळायला हवं ते न जळता पुढे जातं आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटतं. विक्की चालत्या गाडीची चावी मुद्दाम बंद करतो. ठिणगी थांबते, पण चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि इंजिन पेट्रोल ओढत राहतं. मग तो चावी चालू करतो आणि साठलेलं सगळं एकदम भडकतं. आमच्या गाडीच्या चावीला कोणी हात लावत नाही. उतारावर ॲक्सिलेटर सोडला की आत जाणारी हवा कोंडते, तरी इंजिन फिरतच असतं आणि थोडं थोडं पेट्रोल येतच असतं. ते आत धड जळत नाही, पाईपात जातं. तिथेही पेटलं नसतं, कारण तिथे पुरेशी हवा नसते. पण आमच्या पाईपाच्या सांध्यातलं पॅकिंग गेलं आहे, त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून आमची गाडी पळताना फुटत नाही, आवळून धरली की फुटते.

“ऐकलं?” पप्पा विक्कीला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “तांत्रिक दोष. हेतू नाही.”

“माझं संपलं नाही, पप्पा. मागणी राहिली.”

मग मी पुण्याचं वाचलं. काळ वाईट आहे हे कारण या बैठकीत आजवर कोणाचंच मान्य झालेलं नाही, हे वाचलं. मला जाऊ द्यावं, नाहीतर नकाराचं कारण पप्पांनी लिहून, खाली नाव घालून, इथे उभं राहून वाचावं.

“हा घरातला विषय आहे,” पप्पा म्हणाले.

“घरातला म्हणून जे झाकलं जातं ते आधी उघड्यावर आणा. पिवळं पत्रक. तुमचंच.”

चहाच्या किटलीपाशी बसलेल्या कमलआजी, ज्यांनी पप्पांना पोरसवदा असल्यापासून पाहिलं होतं, पदराने हात पुसत म्हणाल्या, “भाऊ, लिवायला तूच शिकवलं ना तिला? मंग आता ऐकायला का जड जातंय?”

पप्पांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, “मागणी नोंदवली आहे.” कारखान्यातले साहेब युनियनला हेच म्हणायचे, आणि घरी येऊन पप्पा त्या वाक्याची नक्कल करून आम्हाला हसवायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीसारखे गेटवर आले. बॅग मध्ये, चेहरा आरशात. कारखान्यांची भिंत संपली आणि उतार लागला तेव्हा त्यांनी ॲक्सिलेटर सोडलाच नाही. एका हाताने तो थोडा पिळून धरलेला आणि दुसरीकडे ब्रेक, अशी गाडी घसटत, चिडलेल्या जनावरासारखी खाली आली. विक्कीची आजी ओट्यावर होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. आम्ही दारात पोहोचलो, पप्पांनी दार ढकललं. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, मांडीवर चिवड्याची ताटली, आणि टीव्हीकडे बघून मोठ्याने हसत होती. मालिकेतल्या कुठल्यातरी सासूची फजिती झाली होती. मी आईला असं दात दाखवून, डोक्यावरून पदर पडलेला असताना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिने आम्हाला पाहिलं आणि ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातून ती निघून गेली. ताटली ठेवताना चिवडा सांडला. “आवाज नाही आला,” ती म्हणाली. पप्पांना नाही, मला.

जेवण होईपर्यंत पप्पा बायकांच्या गुलामीवर बोलले. मालिका बाईला घरात कशी डांबून ठेवतात ते त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि आई वाढत राहिली. हात धुताना ते माझ्याकडे वळले. “बैठकीत तू गाडीबद्दल विधान केलंस. विधान सिद्ध करावं लागतं. पॅकिंग बदल. उतारावर ॲक्सिलेटर सोडून आवाज आला नाही तर तुझी मागणी मान्य. आला तर इथेनॉल, आणि तू इथेच.”

सकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी कडी हातात घेऊन बसले होते. ती तव्याकडे बघत म्हणाली, “ही बसवली की आवाज कायमचा जाईल?”

“हो.”

“बसव तू. तुझं होऊ दे.” तिने भाकरी उलटली. “मी काय, बातम्याच लावून बसत जाईन. त्या पण काही वाईट नसतात.”

ती टोमणा मारत नव्हती. तिने खरंच तसं ठरवलं होतं.

रविवारी बैठकीनंतर सगळे पुलावर जमले. जुनी कडी काढून मी नवी बसवली होती, दोन्ही नट सारखे आवळले होते. पप्पा वर भिंतीपर्यंत जाऊन वळले आणि हात सोडल्यासारखी गाडी उतारावर सोडली. पुलाच्या कठड्यावर बसलेल्या चिमण्या उडाल्या नाहीत. गाडी नुसती सरसरत खाली आली आणि आमच्यासमोर थांबली. विक्कीने टाळ्या वाजवल्या. “मॅडम, आमच्या आजीच्या कुकरचं काय आता?” पप्पा गाडीवरून उतरले, शर्ट सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मागणी मान्य.” त्यांनी शब्द पाळला. त्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. फक्त घरी आल्यावर एक अट जोडली. रोज संध्याकाळी ते कामावरून येतात त्या वेळी मी घरी फोन करायचा, म्हणजे त्यांना मी कुठे आहे ते कळेल.

निघायच्या सकाळी पप्पा आंघोळीला गेले. मी पाना घेऊन खाली बसले तेव्हा आई गॅलरीतून बघत होती. ती न्हाणीघराच्या दारापाशी गेली आणि आत म्हणाली, “अहो, पाणी गरम आहे अजून. आणखी एक बादली देऊ का? एसटी स्टँडपर्यंत जायचंय तुम्हाला, डोक्यावरून घ्या.” पप्पांनी डोक्यावरून घेतलं. इंजिन गार होतं, नट सहज सुटले. मी नवी कडी काढली, खिशातली जुनी, जळकी, एका बाजूने खाल्लेली कडी परत तिच्या जागी बसवली आणि हात पुसले. बिननावी पत्रक मी आजवर एकच काढलं, ते हे.

पप्पांनी मला स्टँडवर सोडलं. जाताना तो रस्ता चढाचा लागतो. पुण्याच्या गाडीत मी खिडकीपाशी बसले, ते खाली उभे होते, आणि त्यांच्या गाडीचा डावा आरसा अजून तसाच वळलेला होता. त्यात आता मागच्या रिकाम्या सीटवरचा ऊन पडलेला तुकडा दिसत होता.

त्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मी फोन केला. आईने उचलला. तिच्या मागे कोणीतरी सून रडत होती, वाद्यं वाजत होती. आम्ही माझ्या खोलीबद्दल बोलत होतो. मग फोनमधून लांबून आलं, पट, पट, पट-पट, फाट्. सून मध्येच तुटली आणि बातमीदार बोलायला लागला. थोड्या वेळाने पप्पा फोनवर आले. “क्रांती, तुझं पॅकिंग टिकलं नाही बघ. मी म्हटलं होतं, पेट्रोलच खराब आहे.”

“असेल, पप्पा,” मी म्हणाले.

प्रशिक्षण संपलं, त्याच कारखान्यात नोकरी लागली, आणि अटीतला फोन अजून चालूच आहे. रोज संध्याकाळी मी जिथे असेन तिथून उठते आणि फोनवरून नाशिकच्या त्या खोलीत जाऊन बसते. कधी चिडते, कधी वाटतं आपण गेलोच नाही. पप्पा इथेनॉलवर दोन पत्रकं काढून बसले आहेत. नवी कडी आईच्या बटणांच्या डब्यात आहे. आईला म्हटलं, तू एकदा त्यांना सांग ना, मला मालिका बघायची आहे म्हणून, साधं वाक्य आहे. ती म्हणाली, तुला साधं वाटतं.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी अडले. पप्पा माझं सगळं वाचतात, पेन्सिल घेऊन वाचतात. त्यांना कडी कळणार, न्हाणीघरातली बादली कळणार, मालिका कळणार. आईची गोष्ट मी तिच्या वतीने सांगू शकत नाही, तेवढं मी त्यांच्याकडूनच शिकले आहे. म्हणून काल संध्याकाळी फोनवर मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिच्या मागे मालिका चालू होती. वाचून झालं. मग पुलावरून फाट् असा आवाज आला. मी चॅनल बदलायची वाट पाहिली. सासू बोलतच राहिली, अगदी गल्लीत हॉर्न वाजेपर्यंत.

“छाप,” आई म्हणाली. “पण खाली माझं पण नाव घाल.”

आईचं नाव वत्सला.